दुप्पट दाब

अवधूतने पिन बदलली आणि त्याला वाटलं, झालं.
सियागंजातला चाळीस रुपयांचा पांढरा तुकडा,
एका बाजूने तिकडच्या दोन चपट्या पात्या आत,
दुसऱ्या बाजूने आपल्या तीन गोल बाहेर.
भोकात बसलं म्हणजे चाललं, असं समजण्याइतका
माणूस हुशार होतो बावीस वर्षांत.

टप्प. एवढंच.
मग जळक्या धुळीचा वास जिन्यावरून खाली,
आणि त्यामागून हाक,
"ताई, झोपली तर नाहीस न?"

चौतीस वर्षं मी पोलोग्राउंडला मीटर तपासले.
दुप्पट दाब, चौपट आच:
पॉलिटेक्निकात सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा
वर्गात आम्ही दोन मुली,
मागून कुणीतरी म्हणालं, सर, सासरी पण असंच का?
सर हसले नाहीत. मीही नाही.

मशीन जुन्या चादरीवर उलटं केलं.
सात स्क्रू, त्यातला एक गंजलेला.
आत वाळलेला कॉफीचा चुरा, कोलंबसच्या कुठल्यातरी सकाळचा,
आणि बॉयलरच्या नटात अडकलेला
एक लांब, तांबूस केस.
तो मी बोटाला गुंडाळला, खिशात ठेवला,
काही विचारलं नाही.

थर्मल फ्यूज गेला होता. बारा रुपयांचा.
बाकीचं वाचावं म्हणून तो जातो,
त्याचं काम तेवढंच.

बॉयलरमध्ये दोन कॉइल, शेजारी शेजारी,
दोघींना स्वतंत्र पुरे एकशेवीस,
एकीचं दुसरीशी देणंघेणं नाही.
एक पट्टी काढली, एक तार हलवली.
आता एकीतून निघेल तेच दुसरीत जाणार,
प्रत्येकीच्या वाट्याला एकशेपंधरा.
"म्हणजे कमीच की."
"पाच कमी. जरा उशिरा तापेल.
संध्याकाळी तर लोकमान्य नगरात दोनशे दहाच येतात,
तेव्हा अजून उशिरा. बसायचं."

पंप मात्र नवाच लागणार होता.
मुर्तझाभाईंनी जुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला,
म्हणाले, दीदी, कूलर का लगा दो.
नऊ बार म्हणजे काय, ते कूलरच्या पंपाला
कोण समजावणार.
दिल्लीहून यायला आठ दिवस लागले.
ते आठ दिवस अवधूत खाली येऊन चहा पीत होता,
पोह्यांवरची शेव बाजूला काढून ठेवत होता,
आणि पाचव्या दिवशी, नळ येऊन गेल्यावर,
टाकीचं झाकण लावता लावता म्हणाला,
घर विकलं. ती म्हणाली, मशीन तूच ने.
मी म्हटलं, झाकण सरळ लाव, पाली पडतात.

नवव्या दिवशी शंभरचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन
बटण दाबलं.
बल्ब पिवळा, अर्धवट लागला, तिथेच थांबला.
म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही.
अवधूत दारात उभा, सपाता न काढता.

बल्ब काढला, सरळ लाइनवर घेतलं, पाणी तापलं.
पंप घुमू लागला तसा त्याने मान तिरकी केली.
"तिकडे जरा वरच्या पट्टीत गुणगुणायचं."
तिकडे सेकंदाला साठ, इथे पन्नास.
दाबाचं काय, पट्टी हलवून जुळवता येतं,
वारंवारता आपल्या हातात नसते,
ती ज्या गावात राहतो त्या गावाची.
हे मी त्याला सांगितलं नाही,
पहिला घोट घेत होता तो, स्टीलच्या वाटीतून,
आणि तोंड कडू करून अजून घेत होता.

मग सवयीने मागच्या पाटीवर चिठ्ठी डकवली,
२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तारीख, सही.
खालचं १२० खोडलं नाही.
बोर्डात आम्ही जुनं रीडिंग कधी खोडत नसू.

"ताई," म्हणाला, "वर अजून एक खोकं आहे.
टोस्टर."
मी चष्मा काढला.
उद्या, म्हटलं.
आणि तोवर त्या पांढऱ्या तुकड्याला हात लावू नकोस.