उंदरात न धरलेली

तिसऱ्या मजल्यावर, चौदाव्या कपाटात,
खालून दुसऱ्या खणात
एक पाणचिचुंद्री आहे.
पोटात भुसा, पाय मागे ताणलेले,
डोळ्यांच्या जागी कापसाचे दोन ठिपके.
पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
दार्जिलिंगकडचा ओढा, सहा हजार फूट, नर.
पकडणाऱ्याचं नाव शाई फुटून
नुसता निळा डाग झालंय.

माझं काम डांबराच्या गोळ्या बदलणं
आणि चिठ्ठ्या नव्या वहीत उतरवून घेणं.

नकाशात हिचे ठिपके हिमालयाच्या कडेकडेनं जातात,
काश्मीर, सिक्कीम, आसामचे डोंगर, मग देशाबाहेर.
मुंबईभोवती कागद कोरा.
तळपायाला राठ केसांची झालर आहे,
भिंगाखाली मी स्वतः पाहिली.
पाण्यात ती पसरते, वल्हं होते.
आणि लवेत हवा अडकते म्हणून बुडताना
ही चांदीची दिसते,
हे वहीत नाही, लोबो सरांनी डबा खाताना सांगितलं.

मी घरी जाऊन दादांना सांगितलं.
दादा म्हणाले, चांदीचं माहीत नाय. वास येतो का?

दादा, म्हणजे रखमाजी अहिरे,
पालिकेत रात्रपाळीला उंदीर मारायचे.
मशीद बंदरच्या गल्ल्या, बॅटरी, बांबू, गोणपाट.
रात्रीला तीस.
सकाळी चौकीत ओळीनं मांडायचे,
मुकादम शेपट्या मोजायचा
आणि चिचुंद्री दिसली की बुटानं बाजूला सारायचा:
ही नाय धरत उंदरात.
पहिल्या रात्री दादांच्या नऊ बाद झाल्या.
हाताचा वास आठवडाभर गेला नाही,
आई ताट लांबूनच सरकवायची.

पुढं त्यांनी तिच्यावर बांबू उगारला नाही.
दयाबिया काही नाही,
हिशेबात बसत नव्हती.

पण बघायला कोण अडवतं?
भिंत सोडत नाय, दादा सांगतात,
डोळ्यांनी अधू, मिशांनी भिंत वाचते.
झुरळ खाते डोक्याकडून.
मांजर हौसेनं धरतं आणि थू करून टाकतं.
मसाल्याच्या गोदामात शेठ तिला लक्ष्मी म्हणायचा,
चिकचिक ऐकली की गल्ल्याला हात लावायचा.
आणि भूक अशी, की एक रात्र चुकली
तर सकाळी आडवी.

एकदा मोठी भरती होती.
वाडीबंदरचं गटार उलटं फिरलं,
गुडघाभर काळं पाणी, वर तेलाचा तवंग.
त्यातून एक आली पोहत,
नाक तेवढं वर,
मागे चार पिल्लं,
एकानं दुसऱ्याच्या शेपटीचं बूड दातात धरलेलं,
काळ्या पाण्यावर शिवणीसारखी सरळ.
दादांनी बॅटरी बाजूला फिरवली.
त्या रात्री सव्वीसच भरले.

लोबो सरांना विचारलं.
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
पोहते ती, म्हणाले, वेळ आली की पोहते,
पिल्लांची माळही धरते, पण जमिनीवर.
दोन्ही एकदम? नोंद नाही.

दादा म्हणाले, तुमचे सर होते का तिथं?

दादांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू.
रात्री मोरीकडे जाताना
उजवा हात भिंतीवर ठेवून चालतात,
कपाट, देव्हारा, पाण्याचं पिंप, उंबरा.
डाव्या भिंतीच्या बुडाशी
त्याच वेळेला काहीतरी लगबगीनं जातं,
मागे तो वास सोडून.

काल मी उठून बटणाकडे हात नेला.
नको, दादा अंधारातून म्हणाले,
थांब जरा.
तिला जाऊ दे पुढं.