घटका

माझी पिशवी मुकी आहे.
भरते, पण कळवत नाही.
पोटातलं ओठावर येणं तिच्या रीतीत नाही.

जन्मले तेव्हा पाठीवर पेरूएवढा फुगा होता.
बुडादिरीच्या उतारावरून, कॉफीच्या पोत्यांवर बसून
आईने मला तिसऱ्या दिवशी म्बालेला आणलं.
पाठ शिवली. गुडघ्याखालचं मात्र गप्पच राहिलं.
लोक पायांबद्दल विचारतात. विचारू देत.
कुबड्यांचं दुःख उजळ माथ्याने सांगता येतं,
ओल्या स्कर्टचं नाही.
शाळेत मी शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी,
वाऱ्याची दिशा बघून बसायचे.

नवव्या वर्षी सिस्टर अपोलोटने
जमिनीवर आरसा ठेवला, हातात नळी दिली.
हात धू. पुन्हा धू. बोटांच्या बेचक्यात राहिलंय.
बघ खाली, लाजतेस काय,
आरसा आहे तो, पाद्री नव्हे.
आणि नळीतून पहिल्यांदा
टपटपत आलं ते माझं, माझ्या हातून.
ती म्हणाली, चार तास. विसरलीस
तर पाणी उलटं चढतं, मूत्रपिंडाकडे.
नदी नाही का चढत पुरात, मागे, मळ्यांत.

गणिताच्या पेपरला साडेदहा वाजले.
मी हात वर केला. वेपुखुलू सर आले,
साबणाच्या डबीकडे बोट : काय आहे यात? चिठ्ठ्या?
उघडली.
वेटोळं घातलेली नळी, आरशाचा तुकडा.
सगळा वर्ग बघत होता.
सर काही बोलले नाहीत. पिवळा कॅन उचलला,
संडासापर्यंत माझ्या कुबड्यांच्या चालीने चालले,
माझ्या हातांवर पाणी ओतलं,
मग पाठ करून डोंगराकडे बघत उभे राहिले.
परतताना म्हणाले, अकरा मिनिटं गेली.
जादा वेळ देता येत नाही मला.
शेवटचं प्रमेय राहून गेलं.

घटका भरली म्हणजे माणूस संपला, म्हणतात.
माझी रोज पाच वेळा भरते.
मी उठते, रिकामी करते,
पुन्हा पाण्यावर सोडते.

आता गुरुवारी मी दवाखान्यात असते.
आज नागुडी आली, अकरा आठवड्यांचा मुलगा घेऊन.
लंगोट सतत ओला म्हणजे चांगलंच चाललंय,
असं समजत होती बिचारी.
मी पोटावर हात ठेवायला लावला : बघ,
टणक आहे ना? हे उतू जाणं आहे, मोकळं होणं नाही.
तिने विचारलं, कधी थांबेल हे?
मी म्हटलं, नाही थांबणार.
ती रडली. मी रडू दिलं.
मग नाक पुसून म्हणाली, दाखव.

मापाच्या भांड्यात साठ मिली.
गढूळ नव्हतं. वास नव्हता.
तिने भांडं उजेडात धरलं,
बराच वेळ धरलं.

माझ्या फोनमधला कोंबडा आरवला,
भर दुपारी दोन वाजता.
बाळ दचकलं.
कुठे निघालीस? नागुडी म्हणाली.
मी डबी दाखवली.