पाळीवर दोन काड्या

रेंज येते फक्त तलावाच्या पाळीवर,
मोहाच्या तिसऱ्या झाडाखाली,
तिथेही दोनच काड्या.
तिथे उभी राहून मी कंपनीचं पत्र पुन्हा वाचते:
तीस टक्के कपात, तात्पुरती,
संमतीची मुदत रात्री बारापर्यंत.
खाली एक चौकोन. बोट टेकवायचं, बस्स.

घरी आई आणि फुलकनमावशी
ओसरीत पाय पसरून तेंदूची पानं जुळवताहेत.
सत्तर पानांचा पुडा, वाकाची गाठ.
मीही बसते, पण हात विसरलाय.
चौसष्ट पानांवर बांधलेला माझा पुडा
मावशी न बोलता सोडते.
मग म्हणते, "इमानात बी असंच मोजतं का वं?"

"तुले किती कापते?"
मी आकडा सांगते, थोडा कमी करून.
आई मनातल्या मनात शेकडे लावते.
माझ्या कपातीत तिचे किती उन्हाळे मावतात
हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळतं
आणि मी उगाच देठ सारखे करत बसते.
"मंग काय," ती म्हणते,
"कमी केलं ते कमीच केलं ना."

ठेकेदारानं भाव पाडला ते साल
मला अर्धंच माहीत होतं.
शेकड्यामागे पाच पुडे वरून फुकट मागितले होते त्यानं.
एकाही बाईनं फडावर पान टाकलं नाही.
मुनशी खाटेवर बसून, वही उघडी, पेन कानावर.
पुडे घराघरांत ओल्या पोत्यांखाली,
रात्री उठून पाणी शिंपडायचं.
पान तीन दिवस दम धरतं, चौथ्या दिवशी काळं पडतं.
"हे ठेकेदाराले बी ठाऊक, आमाले बी."
तिसऱ्या रात्री कोणीतरी मागच्या वाटेनं फडावर गेलं.
कोण, ते मावशी सांगत नाही.

आई दातानं वाक तोडते.
"मी," ती म्हणते.
"तुया होस्टेलचे पैसे भराचे होते.
चारशे पुडे. पाडलेल्याच भावानं देले."

ते होस्टेल. लोखंडी खाट, तिसरा मजला,
ज्याच्या खिडकीतून मी पहिल्यांदा
विमान पोटाकडून पाहिलं होतं.

"सकाळी बाया आल्या. संगं जंगलात नेलं.
माया डोक्यावर भारा बी देऊ लागल्या.
कोनं काई बोललं नाई.
पर आदल्या रात्री बी," ती गाठ सोडते, पुन्हा बांधते,
"कोनं इचारलं नवतं ना, तुयं कसं होते म्हनून.
इचारलं असतं तं गेली नसती."

मावशी बराच वेळ एकच पान पुसत राहते.
"इचाराले पायजे होतं," म्हणते.

साडेअकरा. पुन्हा पाळ. पाणी मे महिन्याचं, तळाशी.
ग्रुपवर नावं येताहेत:
ग्रेवाल, सही नाही. रेहाना, नाही. थॉमस, नाही.
बंगलोरच्या त्या दोन नव्या पोरी, ज्यांची ट्रेनिंगची कर्जं
अजून पहिल्या हप्त्यावर आहेत, नाही, नाही.
कॅप्टन दाभाडकर: दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

गेल्या हिवाळ्यात धुक्यात उतरताना
माझा हात थरथरला तेव्हा
यानंच शांतपणे विमान आपल्याकडे घेतलं होतं
आणि नंतर कुणाजवळ बोलला नाही.
याच्या बायकोचं डायलिसिस आठवड्याला तीनदा.
याचं बोट आत्ता कुठे आहे, मला दिसतंय.
मागच्या वाटेवर.

मी पत्र बंद करते. चौकोन कोराच.
मग ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला लिहिते:
सर, जेवलात का?
या महिन्याचं कसं जमवताय?

एक काडी जाते.
मेसेजपाशी ते छोटं घड्याळ फिरत राहतं.
मी टाचा उंचावून हात फांदीपर्यंत नेते.
वर, पार वर, कुणीतरी रायपूरकडे चाललंय
लुकलुकत, पस्तीस हजार फुटांवर,
आणि मी इथे पाच फुटांसाठी धडपडते.

पाळीखालून टॉर्च.
"गेला का वं?"
"नाही अजून."
"थांब मंग," आई चढू लागते, "मी बी येतो."