दारं धरताना

सोहार बंदरापाशी, समुद्राचं मीठ वेगळं काढणाऱ्या प्लांटमध्ये
रात्रपाळीला आम्ही दोघंच: मी आणि हिलाल.
बाहेर ऑगस्ट. काचेवर बाहेरच्या अंगाने घाम,
आत एसी एकोणीसवर, आणि माझ्या खांद्यावर
आईने बॅगेत बळेच कोंबलेली शाल.
वाळवंटात शाल, म्हणून तेव्हा मी हसले होते.

सर्व्हर रेजी थॉमसने लावलेला.
अकरा वर्षं राहून रेजी कोट्टयमला परतला,
पण कुठल्याही फाइलकडे जायचं तर
वाटेत अजून त्याच्या नावाचं फोल्डर ओलांडावं लागतं,
दारात काढून ठेवलेल्या चपलांसारखं.
दर तासाला त्याचा प्रोग्राम उठतो,
समुद्रात परत सोडायच्या पाण्याचा खारेपणा बघतो,
एक आकडा लिहितो आणि निजतो.
वरच्या ओळीत रेजीचा शेरा:
चालतंय. हात लावू नये.

आता नवे मीटर आलेत. त्यांना नवा पायथन लागतो.
जुना काढावा तर रेजीचा प्रोग्राम कोसळणार,
जुना ठेवावा तर मीटर मुके.

एकाच मशीनवर दोन? हिलाल म्हणाला. भांडणार नाहीत?

मी अर्ध्या हिंदीत, उरलेलं हातवाऱ्यांनी सांगितलं:
आमच्या निफाडकडे वाफे असतात.
सुभानमामा मध्यरात्री वीज आली की
बॅटरी घेऊन दारं धरायला जायचा.
एका वाफ्याचं तोंड टाचेने फोडायचं,
दुसऱ्याचं फावडंभर मातीने बुजवायचं.
पाट तोच, पाणी तेच,
पण कांद्याचं पाणी मेथीत जात नाही.

हिलाल खुर्ची ओढून जवळ बसला.
त्याच्या गावात, इब्रीच्या अलीकडे,
फलजचं पाणी वाटणाऱ्याला वकील म्हणतात.
(आमच्याकडचा वकील फक्त वाटणीचं भांडण लढवतो.)
त्याचा आजोबा चांदण्या बघून पाळी बदलायचा
आणि चिंधी गुंडाळलेला दगड
एका तोंडातून काढून दुसऱ्यात बसवायचा.

तर दगड बसवायला घेतला.
पायथन मुळापासून बांधला. चाळीस मिनिटं
पडद्यावरून मुंग्यांची रांग.
शेवटी कळलं की कुलपांची लायब्ररीच नव्हती,
म्हणजे घर उभं, पण बाहेर जायला दार नाही,
एकही पॅकेज आणता येईना.
पुन्हा पहिल्यापासून.
हिलालने थर्मासमधली कावा ओतली, दोन खजूर ठेवले,
आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

तीनला वाफा तयार झाला. नावही तेच दिलं.
चालू केला तशी ओळीच्या तोंडाशी
कंसात नाव उमटलं.
विचारलं, कुठला रे तू?
त्याने नवा पत्ता सांगितला.
बंद करून पुन्हा विचारलं:
रेजीच्याच काळातला पत्ता, जसाच्या तसा.
बांध कुठे पाझरत नव्हता.

चारला रेजीचा प्रोग्राम उठला. चौसष्ट पूर्णांक दोन.
शेजारच्या वाफ्यात माझा: चौसष्ट पूर्णांक नऊ.

आम्ही दोघं आकड्यांकडे बघत राहिलो.
मग हिलालने हेल्मेट घातलं, बाटली घेतली,
आणि पाणी समुद्राला मिळतं त्या नळापर्यंत
ओल्या जाळीच्या पुलावरून चालत गेलो.
उकडत होतं. चष्म्यावर वाफ.
शाल खांद्यावर तशीच राहिली होती.
हातातल्या मीटरने जरा विचार केला
आणि तिसराच आकडा सांगितला.

परत येऊन मी रेजीच्या शेऱ्याखाली एक ओळ लिहिली:
हात लावला नाही. शेजारी राहायला आलेय.
सात दशांश कोणाचे, ते शोधते आहे.

हिलाल बेसिनपाशी बाटली गोड्या पाण्याने विसळत होता,
एकदा, दोनदा,
आणि तिसऱ्यांदा नळ बंद करून
आधीचंच पाणी फिरवत.