घडी

उत्तर वेल्समधलं आमचं गाव, पाटीच्या दगडाच्या खाणीखाली.
छपरंही त्याच दगडाची,
कोरडी असली तरी ओलीच दिसणारी.
चौकात कपडे धुण्याचं दुकान आहे, नऊ यंत्रांचं,
त्यातली दोन कायम बिघडलेली.
गुरुवारी इलुनेद ते रात्री अकरापर्यंत उघडं ठेवते.
का, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.
बाहेरच्या पाटीवर अजून आठच लिहिलंय.

आम्ही पिशव्यांवरून ओळखू येतो.
डोंगर चढायला आलेल्यांच्या पिशवीत चिखलाचे मोजे.
आमच्यात चादरी. चादरी, अभ्रे, पुन्हा चादरी.

मी हेफिन. एकोणतीस वर्षं बस चालवली,
खाणीपासून समुद्रापर्यंत, दिवसाला चार फेऱ्या.
आता भावाला नेतो,
पलंग ते खुर्ची, खुर्ची ते संडास, आणि परत.
फेऱ्या मोजणं सोडलं.
योर्वेर्थचं डावं अंग गेलं त्याला पाच वर्षं झाली.
वाचाही गेली, एक शब्द सोडून : बरं.
चहा हवा तरी बरं, दुखलं तरी बरं,
मला शिवी घालायची असली तरी बरंच,
फक्त जरा मोठ्यानं.

रस्त्यात लोक विचारतात, भाऊ कसा आहे?
चांगली माणसं आहेत. उत्तर ऐकायला थांबतातसुद्धा.
इथे तसं कुणी विचारत नाही.
टेगवेन डबा उघडते, मनुकांचा पाव, लोणी बोटभर,
आणि विचारते, आज बसून जेवलास की उभ्यानं?
उभ्यानं, म्हटलं.
मग बस.
तिचा नवरा रोज संध्याकाळी तिला घराबाहेर काढतो,
कोण तुम्ही, कुणी आत घेतलं, म्हणून.
ती बागेतून वळसा घालून मागच्या दारानं येते,
तेव्हा तो म्हणतो, आलीस? इथे कुणीतरी बाई आली होती.
हे ती सांगते आणि आम्ही हसतो, पोट धरून.
बाहेरून कुणी ऐकलं तर म्हणेल, काय माणसं ही.

कादी सोळा वर्षांची. आईच्या चादरी आणते, दप्तरही.
गरम यंत्रावर चढून बसते, रसायनशास्त्र करते.
शाळेत तिचं घर कुणाला माहीत नाही.
इथे इलुनेदला तिच्या परीक्षेच्या तारखा पाठ,
मला तिच्या आईच्या गोळ्यांच्या वेळा.
मे महिन्यात तीन सकाळी मी त्यांच्याकडे बसणार,
योर्वेर्थला खुर्चीसकट घेऊन.
तिची आई बोलत राहील, हा बरं म्हणत राहील.
जमेल त्यांचं.

मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही.
हनुवटीखाली टोक धरून पाहिलं,
दाराच्या कडीत अडकवून पाहिलं. बोळाच होतो.
इथे समोर कुणीतरी दोन टोकं धरतं,
मागे सरतं, ताणतं, झटकतं,
मग चालत जवळ येतं
आणि टोकं माझ्या बोटांत देताना
हाताला हात लागतो.
पाच वर्षं मी ज्याला उचलतो
त्याच्याशिवाय हा एवढाच.

गेल्या सोमवारी योर्वेर्थला पंधरा दिवसांसाठी नेलं,
किनाऱ्यावरच्या शुश्रूषागृहात.
तुम्ही जरा विसावा घ्या, म्हणाले.
त्या रात्री दोनदा उठलो,
रिकाम्या पलंगाला कुशीवर वळवायला.
गुरुवारी धुवायला काही नव्हतं.
कपाटातून धुतलेल्या चादरी काढल्या,
पिशवीत भरल्या आणि आलो.

इलुनेदनं पिशवी उघडली.
तिच्याच दुकानातल्या साबणाचा वास आला.
ती चादरींकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.
चार नंबर रिकामं आहे, म्हणाली.
थोडा वेळ लावू, की पूर्ण?
पूर्ण, म्हटलं.

पूर्ण म्हणजे पन्नास मिनिटं.
कादीनं तक्ता माझ्या हातात दिला, विचार मला.
चष्मा घरी राहिला होता,
निम्मी मूलद्रव्यं मी चुकीचीच वाचली.
पोटॅशियमला के का म्हणतात, ते कुणालाच येईना.
असेल काहीतरी कारण, टेगवेन म्हणाली,
पाव संपव आधी.