शेऱ्याचा रकाना

जॅकवेलच्या वहीत चार रकाने :
वेळ, व्होल्टेज, पातळी, शेरा.
शेऱ्यात मी अकरा वर्षं
'निरंक' लिहीत आलोय.

सतरा मे. रात्रपाळीचा पत्रा पहाटेही तापलेला.
डांगरवाड्यांपलीकडे तापी आटून
वाळूचं बेट उघडं पडलेलं.
पाच चाळीसला तो आला —
काळी टोपी, शेंदरी चोच,
आणि खालची चोच वरचीपेक्षा लांब!
ती पाण्यात बुडवून
शिंप्यानं कापडावर खडू ओढावा
तसा सरळ गेला.

उखर्डू भोई जाळं सोडवत होता.
"चोच मोडेल शे त्यानी."
मग बराच वेळ हात थांबवून,
"नही. मोडेल नही शे. तशीच शे."

मी लिहिलं :
एक पक्षी. रेघ मारून गेला.

सोमवारी साहेबांनी वही उघडली.
"पंपात अडकला का?"
नाही.
"मग इथे कशाला?"
लाल पेनानं ओळ खोडली,
एका दमात, कडेपासून कडेपर्यंत.
पातळी तेवढी राहू दिली.

खोडलेलं अजून वाचता येतं.
उखर्डू रोज उजाडता व्हॉल्व्हपाशी थांबतो,
बिडी न पेटवता.
"उना का रे?"