खिशाची शिवण

रबाळ्याच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर
माती कुरिअरने येते.
पुसदहून, धरणगावहून, सेलूहून,
कधी मिठाईच्या खोक्यात, कधी दुधाच्या पिशवीत,
वर बॉलपेनने: कपाशी, गट नंबर, खोली एक वीत.
मी गाठ सोडते आणि आधी नाक लावते.
शिरीन मॅडम म्हणतात, वास रिपोर्टात लिहिता येत नाही.
येत नाही.
पण एखादी माती भिंतीच्या पोपड्यासारखी गप्प असते
आणि एखादी, शेणखत पचवलेली,
बुरणूस झटकल्यासारखी बोलते.

एक ग्रॅम माती, नऊ मिली पाणी.
त्यातलं एक मिली पुढच्या नऊत,
त्यातलं पुन्हा पुढच्या.
ताकात पाणी, मग पाण्यात ताक,
सहाव्या नळीत काही उरलं असेल
यावर आईचा अजून विश्वास नाही.
ते प्लेटवर ओतायचं. अठ्ठावीस डिग्री. तीन दिवस.
मग त्या काहीच-नाहीतून वसाहती उठतात,
पिवळ्या, लाळेसारख्या चकचकीत, खडूसारख्या कोरड्या.
काहींच्या भोवती स्वच्छ गोल:
तिथला स्फुरद त्यांनी विरघळवून खाल्ला.
प्रभावळ, म्हणते मी. मॅडम म्हणतात, मिलिमीटरमध्ये सांग.

वसाहती मोजणं मला नवीन नाही.
आमच्या भाताच्या खाचरावर घणसोलीचा एक सेक्टर उभा आहे,
त्याच्या बिल्डिंगा मी शाळेच्या खिडकीतून मोजल्या.
कपाशीचं शेत मात्र मी पाहिलेलं नाही.
म्हणून गच्चीत रंगाचे तीन डबे.
पहिल्यात युरिया,
दुसऱ्यात सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत
(केळीची सालं, चहाचा चोथा, कुणाची तरी अख्खी राखी),
तिसऱ्यात नुसता भरावाचा मुरूम.
आणि तिन्हींत वीतभर खाली
माझ्या जुन्या सुती कोटाचा एकेक खिसा.

देवमन उईके, रात्रपाळीचा वॉचमन, पांढरकवड्याचा,
टाकीचं पाणी बघायला वर आला आणि थबकला.
“डब्यात पऱ्हाटी? तिले खोल जा लागते, ताई.”
तरी रोज वर यायचा.
टाकी काही रोज भरत नाही.

पंचेचाळीस दिवस युरिया जिंकत होता.
लिहिते ते खरं लिहिते:
कंबरेएवढा, काळपट हिरवा, पानंच पानं.
खताचा डबा मागे. वीतभर, मग दीड वीत,
जणू आधी खाली कुणाची तरी पंगत उठायची होती.
एका सकाळी त्यावर पांढरं दिसलं, मी ओरडलेच, कापूस!
देवमनने बोटाने पुसलं. पिठ्या ढेकूण.
“कापूस असा घाईनं येत नसते.”
महिनाभर त्याने मला कापूसताई म्हणून हाक मारली.

साठाव्या दिवशी खिसे उकरले.
मुरुमातला जवळजवळ तसाच, धुऊन घालता आला असता.
युरियातला कुठे कुठे विरलेला, शाईचा डाग शाबूत.
दुसऱ्या डब्यात हात घातला
तर हाती लागला नुसता धागा.
कापड गेलं होतं. पॉलिस्टरची शिवण तेवढी उरली,
खिशाच्या आकारात वळलेली,
आणि तिच्या आत माती,
आणि मातीत पांढरी, केसापेक्षा बारीक मुळं,
खिशात हात घालावा तशी.

मी ती शिवण देवमनच्या तळहातावर ठेवली.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, आमच्याकडे पोरं विचारतात
जुनं लुगडं कुठे जाते.

दिवाळीनंतर बोंडं: युरियाची चार,
खताची अकरा, मुरुमाचं एक, तेही किडकं.
तीन डब्यांनी काही सिद्ध होत नाही. मॅडमचं बरोबर आहे.
अकरांतला कापूस माझ्या ओंजळीतही पुरता भरला नाही.
सरकी देवमनने काढली, नखाने, मोजून,
आणि विचारलं नाही, सरळ
शर्टाच्या खिशात टाकली.